३ किलोवॉटचं रूफटॉप सोलर, चंद्रपूर: दीड वर्ष आणि दोन उन्हाळे वापरून लिहितोय

रेटिंग आधीच सांगतो, ज्यांना घाई आहे त्यांचं काम होऊन जाईल. सोलरला ५ पैकी ४, लावून देणाऱ्या एजन्सीला २. बाकी जे लोक "वीज फुकट, आता कोळसा संपला" असं ऐकून लावायला निघालेत त्यांनी मात्र पूर्ण वाचा, कारण मी चंद्रपूरचा आहे, गच्चीवर उभं राहिलं की समोर थर्मलच्या, म्हणजे कोळशावरच्या वीजकेंद्राच्या, चिमण्या दिसतात, आणि बाबा ३१ वर्षं वेकोलित (वेस्टर्न कोलफील्ड्स, कोळसा खाणीची सरकारी कंपनी) होते, त्यातली शेवटची १४ ओपन कास्टला, म्हणजे उघड्या खाणीत, डंपरवर. या घराचा प्रत्येक पंखा, माझं शिक्षण, बहिणीचं लग्न, सगळं कोळशावर झालंय. त्याच घराच्या छतावर आता पॅनल आहेत, म्हणून दोन्ही बाजू बघून लिहितोय.

घेतलं काय ते सांगतो. ५४० वॉटचे ६ पॅनल, म्हणजे ३.२४ किलोवॉट, ३ चा ऑन-ग्रिड (म्हणजे बाहेरच्या वीजजाळ्याला, ग्रिडला जोडलेला, बॅटरी नसलेला) इन्व्हर्टर, गॅल्व्हनाइज्ड स्ट्रक्चर, अर्थिंगचे ३ खड्डे आणि लाइटनिंग अरेस्टर, सगळं मिळून १ लाख ९२ हजार. पीएम सूर्यघर योजनेची सबसिडी ७८ हजार मिळाली. पहिल्या २ किलोवॉटला ३०-३० हजार आणि तिसऱ्याला १८, त्याच्या वर कितीही लावा ७८ च मिळतात, म्हणून बहुतेक घरांवर तुम्हाला ३ चंच दिसेल. सबसिडी हवी असेल तर पॅनल भारतात बनलेल्या सेलचेच लागतात, डीसीआर म्हणतात त्याला, ते सर्टिफिकेट हातात घेतल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका. नंतर २०२५ च्या सप्टेंबरपासून सोलरच्या सामानावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, म्हणजे आता लावणाऱ्यांना आमच्यापेक्षा थोडं स्वस्त पडायला हवं, कोटेशनमध्ये ते उतरलंय का ते विचारा.

एजन्सीला २ काहून दिले ते पण सांगतो. नाव लिहीत नाही. माणसं कामाला वाईट नव्हती, दोन दिवसांत स्ट्रक्चर उभं केलं, नटबोल्ट नीट कसले, पण साइट बघायला आले तेव्हा सकाळी १० ला आले आणि पाण्याच्या टाकीची सावली दुपारी कुठे जाते ते कुणी बघितलंच नाही. पहिल्या महिन्यात रोज साडेतीननंतर ॲपमधला ग्राफ असा धपकन खाली यायचा. सगळे पॅनल एका लाइनमध्ये जोडलेले असतात, एकावर सावली आली की बाकीच्यांवरही परिणाम होतो, पाण्याच्या पाइपवर एका ठिकाणी पाय ठेवल्यासारखं. फोन केला की "सर, हिवाळ्यात सावली लांब पडतेच" हे उत्तर. शेवटी पहिल्याच मार्चमध्ये आम्ही आपला प्लंबर बोलावून टाकी उत्तरेकडे सरकवली, १,८०० रुपये गेले, आणि तेव्हापासून दिवसाला एक-सव्वा युनिट जास्त पडायला लागलं. दुसरं म्हणजे नेट मीटरचे (घेतलेली आणि दिलेली दोन्ही वीज वेगळी मोजणारं मीटर) कागद त्यांनी वेळेत पाठवलेच नाहीत, नोव्हेंबर २०२४ मध्ये पॅनल लागले आणि मीटर बसलं जानेवारीच्या शेवटी. तेवढे दिवस सोलर बंद ठेवायला लागलं. चालू ठेवलं तर काय बिघडतं असं खूप जण विचारतात, तर बिघडतं हे की बरीच साधी डिजिटल मीटरं बाहेर गेलेलं युनिटही वापरलेलंच धरतात, म्हणजे तुम्ही वीज देताय आणि बिलही तुम्हालाच. म्हणून नेट मीटर लागेपर्यंत थांबा, कितीही मोह झाला तरी.

आता उत्पादन. सगळ्यांना वाटतं चंद्रपूरचं ऊन म्हणजे सोलरची चांदीच, मलाही तसंच वाटलं होतं, तर तसं नाही. सगळ्यात चांगले महिने फेब्रुवारी, मार्च, एप्रिल, रोजचे १३-१४ युनिट. मे मध्ये पारा ४६ ला असताना १२ च्या आसपास. पॅनलवर छापलेला आकडा २५ अंश तापमानाला मोजलेला असतो, त्याच्या वर दर अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्का घट, आणि आमच्याकडे मे मधल्या दुपारी पॅनल ६५-७० ला तापतात, हात टेकवत नाही. म्हणजे १५ टक्के तिथेच गेले. सोलरला उजेड हवा असतो, उष्णता नको असते, हे मला लावल्यावर कळलं. जुलै-ऑगस्टमध्ये ७-८, झड लागली तर ३ सुद्धा. वर्षाचे मिळून ४ हजारांच्या थोडे वर होतात.

सफाईवर जरा जास्त लिहितो कारण इथल्या लोकांना हेच कुणी सांगत नाही. आमच्या भागातून कोळशाचे ट्रक जातात, हवेतच ती पूड असते, दारामागच्या कपड्यांवर बसते ते आपण पाहतोच. पॅनल उतारावर असतात, त्यामुळे दव पडलं की धूळ वाहून खालच्या पट्टीपाशी, फ्रेमच्या कडेला साचते आणि तिथे बोटभर रुंदीचा काळा काठ तयार होतो, अगदी काजळ ओढल्यासारखा. पहिल्यांदा मला वाटलं पॅनलची डिझाइनच आहे. बाबा वर आले, बोटाने पुसलं, दोन बोटांत चोळलं आणि म्हणाले, "हा कोळसा आहे राजा, माती नाही. माती खरखर लागते, हा चोपडा लागते." आणि बराच वेळ तसेच बोट बघत उभे राहिले. त्या दिवशी ११.२ युनिट झाले होते, दुसऱ्या दिवशी पहाटे धुतले आणि १२.६. तेव्हापासून दर १० दिवसांनी सकाळी ६ च्या आत धुतो. ऊन चढल्यावर तापलेल्या काचेवर गार पाणी टाकू नका, आणि बोअरचं जड पाणी वाळू देऊ नका, पांढरे डाग बसतात, लगेच वायपर फिरवा. हे काम बाबांनी स्वतःकडे घेतलंय, आम्हाला हात लावू देत नाहीत.

बिल. दोन महिन्यांचे आकडे देतो, बिलं समोर ठेवून. फेब्रुवारी: पॅनलनी बनवले ३७०, त्यातले दिवसा घरातच वापरले गेले ८०, बाहेर गेले २९०, आणि संध्याकाळनंतर बाहेरून घेतले ११०. म्हणजे १८० युनिट जमा राहिले, बिल आलं फक्त स्थिर आकार वगैरेचं. मे: बनवले ३८५, घरात १५०, बाहेर २३५, आणि बाहेरून घेतले ४१०, कारण बाबा-आईच्या खोलीत रात्री एसी आणि दोन कुलर. १७५ कमी पडले, ते एप्रिलमध्ये जमा झालेल्या युनिटमधून गेले. पूर्वी मे चं बिल उघडायला भीती वाटायची, १०० युनिटच्या वर गेलं की दर कसा चढतो ते सगळ्यांना माहीत आहे. आता ती भीती गेली. माझा हिशोब साडेतीन-चार वर्षांत पैसे वसूल असा आहे, यात शंका नाही. जमा युनिट मार्चअखेरपर्यंतच चालतात, नंतर उरलेले कमी दराने घेतले जातात, म्हणून गरजेपेक्षा मोठं लावून कमाई करायचा विचार करू नका.

पण फेब्रुवारीचे ते ११० परत वाचा. बिल जवळपास शून्य आलं, कॉलनीत मी सांगत सुटलो झिरो बिल झिरो बिल, आणि त्या महिन्यात ११० युनिट रात्रीचे घेतलेच होते. एका युनिटला आपल्याकडच्या कोळशाचा साधारण पाऊण किलोच्या आसपास खर्च येतो. सगळी रात्रीची वीज कोळशाचीच असते असं नाही, कोयना आहे, तारापूर आहे, वारा आहे, पण मोठा वाटा कोळशाचाच धरला तर दीड पोतं कोळसा माझ्या झिरो बिलाच्या महिन्यात कुठेतरी जळला. त्याच्या बदल्यात दिवसा मी २९० युनिट शेजाऱ्यांना दिले हेही खरं, तेवढा कोळसा दुपारी वाचला, ते मी कमी लेखत नाही. पण मीटरवर वजाबाकी होते म्हणून रात्र दिवस होत नाही. मी जी वस्तू विकत घेतली तिचं नाव दिवस आहे. रात्र अजून कोळशाकडूनच येते.

हे सगळ्यात स्पष्ट कळलं ते लाइट गेली तेव्हा. वादळात तार तुटली होती, दुपारचे १२, कडक ऊन, आणि सगळं घर बंद. बाबा अंगणातून ओरडले, "काहून रे, लाइट गेली तर तुझं सोलरबी गेलं?" हो गेलं. ऑन-ग्रिड इन्व्हर्टर बाहेरची लाइन बंद झाली की स्वतःहून बंद होतो, नाहीतर तुमच्या छतावरची वीज मेलेल्या तारेत जाईल आणि खांबावर काम करणाऱ्या लाइनमनचा जीव जाईल. नियम बरोबरच आहे. पण एजन्सीने हे सांगायला हवं होतं, आणि घेणाऱ्यालाही हे कळायला हवं की छतावरचं सोलर ग्रिडच्या खांद्यावर उभं आहे.

आणि ग्रिड आज कशावर उभं आहे तर कोळशावर. २०२५ मध्ये बातमी आली की देशातली निम्मी स्थापित क्षमता आता कोळसा-गॅसशिवायची झाली, चांगलीच बातमी आहे, पण प्रत्यक्ष तयार होणारी वीज बघितली तर साधारण सत्तर टक्के अजून कोळशाचीच. लोक विचारतात हे कसं काय, दोन्ही खरं कसं. माझ्या छतावरून सांगतो: माझे ३ किलोवॉट वर्षभराच्या सरासरीने दिवसाला ११-१२ युनिट देतात, तेच ३ किलोवॉट कोळशाचे असते आणि चोवीस तास पूर्ण चालले असते तर ७२ झाले असते. क्षमता म्हणजे भांडं, युनिट म्हणजे त्यातलं दूध. २०२४-२५ मध्ये आपण १०० कोटी टनांच्या वर कोळसा काढला, इतका आधी कधीच काढला नव्हता. त्याच वर्षी माझ्यासारख्या लाखो लोकांनी छतावर सोलर लावलं. दोन्ही एकदम चाललंय, कारण मागणी दोघांच्याही पुढे पळतेय, ३० मे २०२४ ला ती २५० गिगावॉटला, म्हणजे २५ कोटी किलोवॉटला टेकली.

माझा शाळेतला मित्र बॉयलरच्या कामावर आहे, कुठल्या केंद्रात ते सोडा. तो सांगतो की पूर्वी संच (एक बॉयलर आणि त्याचं टर्बाइन) एकदा चालू केला की महिनोन्‌महिने एका लयीत चालायचा, आता दुपारी सोलर भरपूर आलं की वरून सूचना येते लोड खाली आणा, आणि सूर्य कलला की दोन-तीन तासांत परत चढवा, कारण तेव्हा सगळे घरी येऊन एसी लावतात. २०२३ च्या नियमाने कोळशाच्या संचांना ५५ टक्क्यांपर्यंत खाली येता आलं पाहिजे, पुढे टप्प्याटप्प्याने ४० पर्यंत. हे म्हणजे गॅसची शेगडी कमीजास्त करण्याइतकं सोपं नाही. शेकडो टन लोखंड रोज तापतं आणि निवतं, नळ्यांना ताण येतो, ट्यूब लिकेज वाढतात, खालच्या लोडला ज्योत टिकावी म्हणून तेल जाळायला लागतं. आपल्या कोळशात राख ३०-४० टक्के, तिचं वेगळंच. बाबांना हे सगळं सांगितलं तर त्यांनी एका वाक्यात सांगितलं, "म्हणजे आता कोळशाला नाइट ड्युटी लागली." मला इतकं नेमकं कुणाकडून ऐकायला मिळालं नव्हतं.

खाणीत ज्यांनी रात्रपाळी केली त्यांना माहीत आहे, रात्रपाळीवाल्याला जास्त जपायला लागतं. इथे मला मनापासून बोलायचं आहे. कोळसा उद्या बंद करा म्हणणारे आणि कोळशाशिवाय देश चालूच शकत नाही म्हणणारे, दोघांनाही आमच्या गच्चीवर एक संध्याकाळ बसवायला पाहिजे. इंग्लंडने ३० सप्टेंबर २०२४ ला शेवटचं कोळशाचं केंद्र बंद केलं, १८८२ पासून चालत आलेली गोष्ट संपवली, त्यांचं कौतुकच आहे, पण त्यांच्याकडे समुद्रातला वारा होता, गॅस होता, अणुवीज होती. आपल्याकडे गॅस निम्म्याच्या आसपास बाहेरून येतो, आणि दाभोळचा १९६७ मेगावॉटचा गॅस प्रकल्प गॅसअभावी कसा रखडत चालला ते महाराष्ट्राने पाहिलंय. कोयना संध्याकाळी धावून येते, पण पश्चिमेकडे वळवायचं पाणी वर्षाला ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट) ठरलेलं आहे. घाटघरसारखं, वीज जास्त असताना पाणी वर चढवून मागणी वाढली की खाली सोडायचं केंद्र २५० मेगावॉटचं आहे, अशी आणखी उभी राहायला वेळ लागणार. २०७० ला नेट झिरो (जेवढा कार्बन हवेत सोडू तेवढाच शोषून घेऊ) असं आपण ग्लासगोच्या हवामान परिषदेत २०२१ मध्ये सांगून आलो. म्हणजे कोळसा पुढची बरीच वर्षं राहणार आहे, रोज थोडा कमी तास, जास्त अवघड काम करत.

मग राहणार असेल तर नीट राहायला हवा. सल्फर पकडणाऱ्या यंत्राचा नियम २०१५ चा, मुदती वाढत गेल्या आणि जुलै २०२५ मध्ये देशातल्या बहुतेक केंद्रांना त्यातून सूटच मिळाली. मला हे पटलेलं नाही. रात्रीची वीज सगळ्या राज्याला हवी आहे तर तिचा धूर स्वच्छ करायचा खर्चही सगळ्यांच्या बिलात थोडा थोडा येऊ दे, तो एकट्या चंद्रपूरच्या पोट्ट्यांच्या छातीवर कशाला? आणि इथलं थर्मल २९२० मेगावॉटचं आहे, ८३-८४ चे पहिले दोन संच कधीच बंद झाले, पुढे २१० चे उरलेले दोनही जातील. पर्मनंट लोकांची सोय लागते, ते दुसऱ्या संचावर जातात. राख उचलणारा, कन्व्हेयरखाली साफसफाई करणारा, ट्रकवर क्लीनर असलेला ठेकेदाराचा माणूस कुठे जातो? त्याच्याकडे छतच पत्र्याचं, त्यावर सबसिडीचं सोलर कुठे लावणार? बाबांच्या बरोबरीच्या किती जणांनी जमिनीच्या बदल्यात नोकरी घेतली, आता जमीन नाही आणि पुढच्या पिढीला नोकरी नाही. शेतीला दिवसा सोलरची वीज मिळायला लागलीय हे फार चांगलं झालं, रात्री विंचू-काट्यातून मोटार लावायला जाणं सुटलं आणि रात्रीचा बोजाही कमी झाला, तशीच कामाची योजना इथल्या लोकांसाठी आत्ताच व्हायला हवी, शेवटचा संच बंद व्हायच्या दिवशी नव्हे.

परत रिव्ह्यूवर येतो. १ स्टार कापला तो दोन गोष्टींसाठी: लाइट गेल्यावर बंद पडतं, आणि रात्रीचं काहीच करत नाही. बॅटरीचं कोटेशन घेतलं होतं, ५ युनिटची बॅटरी आणि हायब्रिड (बॅटरी जोडता येणारा) इन्व्हर्टर मिळून जवळपास सोलरच्याच किमतीला गेलं, म्हणून तूर्त थांबलो. त्याऐवजी सवयी बदलल्या. पाण्याची मोटार, वॉशिंग मशीन, इस्त्री, मिक्सर सगळं ११ ते ३ मध्ये. दुपारचा चहा आणि वरण आता इंडक्शनवर, सिलिंडर पूर्वी ३५ दिवस जायचा तो ५० च्या वर जातोय, आणि त्यातला निम्म्याहून जास्त गॅसही बाहेरूनच येतो हे लक्षात ठेवा. एसी ७ ला लावायच्या ऐवजी ४ ला लावून खोली आधीच गार करून घेतो, मग रात्री २६ वर ठेवला तरी भागतं. या एवढ्यानेच मागच्या वर्षीच्या मे पेक्षा या मे मध्ये बाहेरून घेतलेले युनिट ६० ने कमी झाले, वर दिलेले ४१० हे या मे चेच आहेत.

भावाला वरोऱ्याला लावायचं आहे. त्याला सांगितलंय की साइट बघायला येणाऱ्याला दुपारी ४ ला बोलव, सावली स्वतः खडूने आखून ठेव, नेट मीटरचा अर्ज झाल्याची पावती मिळाल्याशिवाय दुसरा हप्ता देऊ नको, आणि इन्व्हर्टर पुढे बॅटरी जोडता येईल असाच घे, १५-२० हजार जास्त गेले तरी चालतील, ते मी घेतलं नाही ही माझी चूक झाली. बाबा पुढच्या आठवड्यात त्याच्याकडे चाललेत, सोबत वायपर घेऊन.